इटलीची गाडी, आमची मांडी

माझ्या बाबांना पाय खाली सोडून बसता येत नसे. खुर्ची असो, बसचं बाकडं असो की दवाखान्यातलं स्टूल असो, ते आधी चपला काढत, वर मांडी घालत आणि मगच समोरच्याशी बोलायला लागत. पाय सोडले की ते सुजत, हे खरं कारण. पण ते कोणाला सांगतील तर शपथ. ‘मांडी घातल्याबिगर माहं डोकं चालत नाई,’ असं म्हणायचे. महसूल खात्यात गिरदावर होते. अर्धी नोकरी लोकांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मांडी घालून पंचनामे करण्यात गेली. पुढे तालुक्यांची मंडळं झाली, हुद्द्याचं नाव इंग्रजी झालं, पण आदिलाबादेत लोक त्यांना शेवटपर्यंत गिरदावरसाबच म्हणत राहिले.

हे मांडीचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे इटलीपर्यंत जे काही घडलं ते तिच्यापायीच घडलं.

दर दसऱ्याला आमच्या मोहल्ल्यातून नागपूरला, दीक्षाभूमीवर, जीप जायची. जीप म्हणजे कंपनीनं बनवून पाठवली ती नव्हे. आमच्याकडच्या वेल्डिंगवाल्यांनी तिची मागची बाजू कापून, लांबवून, बाकडी ठोकून आणि वर ताडपत्री ताणून जी तयार केली, ती. कंपनीनं किती माणसांसाठी काढली होती देव जाणे. आमचा ड्रायव्हर ती काठोकाठ भरायचा आणि रस्त्यात कोणी हात केला की ‘सरका जरा’ म्हणून पुन्हा थांबायचा. त्या गर्दीत बाबांची मांडी. कोणाच्या पोटात गुडघा, कोणाच्या मांडीवर पाऊल.

“गिरदावरसाब, पाय खाली घ्या नं,” शेजारचा कुरकुरायचा.

“खाली कुठं घेऊ? खाली तुमचे पाय हायेत,” बाबा म्हणायचे. आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा असायचा की तो माणूस स्वतःचेच पाय आवरून घ्यायचा.

माझा भाऊ, मी त्याला दादा म्हणते, त्या जीपची चित्रं काढायचा. पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर, न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं. मायनं त्यासाठी त्याला चांगला बदडलाही होता. त्याच्या चित्रातली प्रत्येक जीप आरपार दिसायची आणि मागच्या बाकड्यावर एक माणूस ऐसपैस मांडी घालून बसलेला असायचा. बाकी जीप रिकामी.

पैनगंगेचा पूल आला की बाबा दरवर्षी एकच गोष्ट सांगत. आम्हाला पाठ होती, तरी ऐकावीच लागे. बाबा लहान असताना, निजामाच्या काळात, त्यांच्या गावच्या देशमुखानं फारिनची मोटार आणली. इंग्लंडची. गावात मोटार पाहिलेलं कोणी नव्हतं. मोटार वेशीपर्यंत आली आणि काळ्या मातीत रुतली. मग देशमुखाचा माणूस बौद्धवाड्यात, तेव्हा बौद्ध नव्हतो आम्ही, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत धावत आला. ‘सगळे चला, ढकलाले.’ बाया, माणसं, पोरं, सगळी गेली. बाबाही. त्यांनी मागच्या बाजूला दोन्ही तळवे टेकले आणि जोर लावला. ‘काय गुळगुळीत होती रे ती! म्हशीच्या पाठीवानी,’ असं सांगताना बाबांचे तळवे अजून हवेत तसेच उघडत. मोटार निघाली. वाड्यासमोर गेली. आणि तिथं देशमुखानं ती बादल्यांनी धुवून काढली, वरून गोमूत्र शिंपडलं. गाडी बाटली होती ना.

“आता पाहा,” बाबा जीपभर हसत म्हणायचे, “सात समुद्रापल्याडच्या गोऱ्यानं घडवली तं बाटली नाई. कुठल्या बोटीतून आली, कोनाच्या हातातून आली, काई नाई. अन् आमी ढकलली तं बाटली!”

सगळी जीप हसायची. मीही हसायची. मोठी झाले तशी मी हसायची बंद झाले आणि मला त्या देशमुखाचा असा राग यायला लागला की पूल आला की मी दुसरीकडे तोंड करून बसे. बाबा मात्र हसतच सांगत आणि शेवटी न चुकता म्हणत, “एकदा ढकलली मी गाडी. आता एकदा बसीन. आपल्या माणसाच्या गाडीत, मांडी घालून.”

दादा हैदराबादेत चित्रकलेचं शिकला आणि पुण्याकडच्या एका मोटारीच्या कंपनीत लागला. काम काय, तर गाड्यांची चित्रं काढायची. लोकांना ते समजावताना बाबांच्या नाकी नऊ आले. ‘म्हणजे रंग देतो का?’ ‘म्हणजे नंबर प्लेटा लिहितो का?’ असं विचारत लोक. बाबा म्हणत, ‘अरे, गाडी बनाच्या आधी ती कशी दिसंन, माणूस कुठं बसंन, हे कोनाले तरी ठरवा लागते की नाई? ते माह्या लेकाले विचारून ठरवतात.’ ‘फक्त त्यालेच’ एवढं म्हणायचं बाकी ठेवत, एवढाच काय तो त्यांचा विनय.

आमच्या घरासमोर इरिगेशन खात्यातले रिटायर इंजिनीयर राहायचे. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या आदिलाबादेत. तामसीकडे त्यांची शेती, दोन्ही मुलं परदेशी, घरात काकू आणि ते. माणूस मनानं वाईट नव्हता, कोणाच्याही मयतीला सर्वांत आधी पोचायचा. पण ‘देशी’ म्हटलं की कपाळाला आठी. नेलकटर फारिनचं, थर्मास फारिनचा, दुबईहून कोणीतरी आणलेलं वाघाच्या चित्राचं ब्लँकेट दिवाणखान्यात पसरलेलं, भर उन्हाळ्यातही. आणि आमच्या गल्लीत गाडी या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा, कारण गल्लीत गाडी फक्त त्यांच्याकडे होती. ती मात्र नाइलाजानं देशी होती. ती रोज सकाळी सुरू होईपर्यंत ते तिला जे बोलत, ते ऐकून मी पोरांना शाळेत मराठीची गोडी काय शिकवू, असं वाटायचं.

दादाची बातमी ऐकून ते आमच्या ओट्याशी आले. “गिरदावरसाब, अभिनंदन. पण एक सांगू? आपल्या लोकांनी काढलेली गाडी म्हणजे दार उघडलं की दारच हातात येईल. हे काम आपलं नाही हो. याला ते गोरे लोकच पाहिजेत.”

“असंन,” बाबा म्हणाले.

मला असा संताप आला! पण माझं माहेर-सासर एकच झालेलं. नवरा मंचेरियलला कोळसा खाणीत नोकरीला, तो तिकडे आणि मी शाळेमुळे इकडे बाबांजवळ. माय गेल्यावर घरात आम्ही दोघंच. समोरच्याशी भांडून राहायचं कुठं? मी आत जाऊन भांडी आपटली.

एका दिवाळीत दादा घरी आला तो टेप घेऊन. शिंप्याची असते तसली. त्याच्या कंपनीत नवी गाडी काढायची चालली होती, सगळी आपल्या लोकांनी, पहिल्या रेघेपासून, आणि मागच्या सीटचं काम दादाकडे होतं. त्यानं बाबांना ओट्यावर टाकलेल्या पलंगावर बसवलं. बाबांनी अर्थातच मांडी घातली. दादानं या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं. पलंगाच्या कडेपासून पाठीपर्यंत घेतलं. मांडी सोडून उतरताना बाबा हात कुठं टेकतात, ते पाहिलं. मग मला बसवलं, लुगड्यातल्या बाईला पाय वर घ्यायला किती जागा लागते म्हणून. “आपल्याकडं मागं कोन बसते? म्हातारी माणसं अन् बाया,” तो म्हणाला. “अन् ते पाय वर घेतल्याबिगर राहतात का? मंग सीट तसंच पाहिजे नं. सपाट, रुंद, कडेला गोल.”

समोरून इंजिनीयरसाहेब पाहत होते. “काय रे, बाबांना कुर्ता शिवतोस का?”

“नाही काका, सीटचं माप आहे.”

“मांडीचं?” ते इतके हसले की काकू बाहेर आल्या. “अरे बाबा, गाडीत बसायचं असतं, जेवायला पंगत थोडीच मांडायची आहे!”

बाबा मात्र त्या दिवशी एवढे खूश होते की रात्री जेवताना दोनदा म्हणाले, “माहं माप गेलं पुन्याले.”

आणि मग ते सगळं आटोपलं. दादा पुढच्या खेपेला आला तो तोंड पाडून. कंपनीनं ठरवलं होतं की गाड्यांचं रूप काढायचं खातं इथून उठवायचं. ते काम आता इटलीत.

“म्हंजे गाडी तिकडं बननार?” बाबांनी विचारलं.

“नाई. बननार पुन्यातच. फक्त काढनार तिकडं.”

“मंग हात आपले अन् डोकं त्याईचं?”

“लोकाईले फारिनचं पाहिजे, बाबा. आपल्या पोरानं काढलं म्हटलं की कोनी शोरूमची पायरी चढत नाई.”

समोरच्या घराकडे बाबांनी पाहिलंसुद्धा नाही. मीच पाहिलं.

दादाची नोकरी गेली नाही. त्याला इटलीवाल्यांना माहिती पुरवायला ठेवलं. रस्त्यातले खड्डे किती खोल असतात, पावसात पाणी कुठवर चढतं, हॉर्न दिवसातून किती वाजतो. एकदा तिकडून विचारणा आली, भारतीय कुटुंबात मागच्या सीटवर साधारण किती माणसं बसतात? दादानं खरं ते कळवलं की जेवढी येतील तेवढी. तिकडच्या साहेबाला वाटलं, यानं प्रश्न वाचलाच नाही. त्यानं तोच प्रश्न पुन्हा पाठवला. दादानं मग जीपचा एक फोटो पाठवून दिला. त्यानंतर पुष्कळ दिवस इटली गप्प होती.

त्याच माहितीबरोबर दादानं आपल्या सीटची सगळी चित्रं आणि मापंही पाठवली होती. पाठवायचीच होती, कंपनीचीच होती ती. गाडी बाजारात आली तेव्हा पेपरात पानभर जाहिरात. पिकल्या केसांचा एक गोरा माणूस, हातात पेन्सिल, मागं समुद्र. गाडी दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. दादा सुट्टीवर आला तेव्हा जाहिरात पाहून बाबांनी त्याला एवढंच विचारलं, “याच्यात तुहं काय?”

“मागचं सीट,” दादा म्हणाला. “जसंच्या तसं ठेवलं त्याईनं. फक्त वरची शिलाई बदलली.”

“नाव?”

दादानं मान हलवली. नाव कुठंच नव्हतं. आणि ज्यावर नाव नाही त्यावर हक्क सांगायची त्याला लाज वाटायची. लहानपणापासूनचं त्याचं हे असंच. मला असा राग आला त्याचा! बाबांनी मात्र बराच वेळ विचार केला आणि गिरदावर बोलावा तसे बोलले. पहाणीत, म्हणजे सातबारासारख्या सरकारी नोंदीत, जमिनीचा पट्टेदार म्हणजे मालक एका खान्यात लिहितात आणि जमीन कसतो कोण ते दुसऱ्या खान्यात. “पट्टा असू दे इटलीच्या नावानं,” ते म्हणाले. “कसनारा आपला हाये. आता मले तिच्यात एकदा बसू दे म्हंजे झालं.”

पण बसणार कुठं? दादाला स्वतःला ती गाडी घेणं झेपणारं नव्हतं. आदिलाबादेत शोरूम नव्हती. आणि नेमकी ती गाडी घेतली कोणी, तर समोरच्यांनी. पांढरीशुभ्र. निंबू-मिरची टांगलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि इंजिनीयरसाहेब तिच्याभोवती अशा चालीनं फिरत होते की जणू इटलीतून स्वतः चालवत आणली. भैंशाहून त्यांचे जिनिंगवाले दोस्त गाडी पाहायला आले. “दार लावून पाहा,” ते म्हणायचे, “आवाज ऐका. हा आवाज आपल्या लोकांना जमला नसता.” दार पुण्यातच बनलं होतं. कोण सांगणार?

बाबा ओट्यावर मांडी घालून दिवस दिवस त्या गाडीकडे पाहत. मी म्हटलं, “बाबा, मी सांगते त्याईले, एक चक्कर मारून आना म्हनून.”

“मागून घेऊन बसाचं असतं तं देशमुखालेच म्हटलं असतं,” ते म्हणाले. मग मी तो विषय काढला नाही.

पण जुळायचं होतं ते जुळलं. त्या वर्षी दसऱ्याला आम्ही बसनं नागपूरला जाऊन आलो होतो, दादा अजून घरीच होता, आणि इंजिनीयरसाहेब सकाळी सकाळी आमच्या दारात. शेतातल्या शेजाऱ्यानं त्यांचा धुरा सरकवला होता. “गिरदावरसाब, तुम्ही आलात तर तो ऐकेल. माझ्या गाडीनं जाऊ, माझ्या गाडीनं येऊ.”

एरवी बाबा अशा भानगडीत न पडायला दहा कारणं सांगत. त्या दिवशी ते आत जाऊन दीक्षाभूमीला घालतात तो पांढरा सदरा घालून आले. इतक्या लवकर, की साहेबांचं बोलणं अजून चालूच होतं. रविवार होता, मीही निघाले. दादाला बाबांनी डोळ्यांनीच बोलावलं.

साहेब स्टेअरिंगवर, दादा त्यांच्या शेजारी, मी आणि बाबा मागं. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बाबांनी चपला काढून बाहेर झटकल्या, आत घेतल्या, वर चढले आणि मांडी घातली. गुडघा कशालाच लागला नाही. दाराला नाही, समोरच्या सीटला नाही, मला नाही. त्यांनी हाताचा अंगठा सीटच्या गोल कडेवरून हळूहळू फिरवला. तोंड खिडकीकडे होतं, तरी मला दिसलं, ते हसत होते.

साहेबांनी आरशातून पाहिलं. “वा, गिरदावरसाब! मांडी? बसता येते ना? हेच! हेच सांगतो मी लोकांना. पाहा, त्या गोऱ्या माणसानं आपला किती विचार केला. तिकडे बसून त्याला कळलं की हिंदुस्थानी माणूस मांडी घालतो. आपल्या लोकांना सुचलं असतं का हे?” आणि दादाच्या मांडीवर थाप मारून, “तू या लाइनीतला आहेस, तू सांग. सुचलं असतं?”

“नाई, काका,” दादा म्हणाला.

अगं बाई गं! मी पुढे वाकून त्याच्या पाठीत एक गुद्दा घालणार होते, खरंच सांगते. बाबांनी माझा हात धरला. तामसीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. आणि साहेब तोवर इटलीबद्दल बोलत राहिले. ते इटलीला कधी गेलेले नव्हते.

धुऱ्याचं भांडण फार टिकलं नाही. बाबा मधोमध मांडी घालून बसले, दोघांचं ऐकलं, शेजाऱ्याला चार शब्द सुनावले आणि त्यानं धुरा सरळ करून द्यायचं कबूल केलं. पण आमचा चहा होतो न होतो तोच परतीचा पाऊस कोसळला. वेचायला आलेला कापूस डोळ्यांदेखत भिजला. उघडल्यावर निघालो, तर शेतातून सडकेपर्यंतची वाट म्हणजे नुसती काळी माती. ती आमच्याकडची माती कोणाला सोडत नाही, चप्पल असो की बैल. पहिल्याच वळणावर गाडी बसली. साहेबांनी जोर दिला तशी चाकं जागीच फिरली आणि गाडी पोटापर्यंत खाली गेली.

“च्यायला!” साहेब म्हणाले. मग त्यांनी शेतातल्या दोघा सालगड्यांना हाका मारल्या आणि मागं वळले. “उतरा सगळे. ढकलावी लागेल. गिरदावरसाब, तुम्ही पण जरा उतरा हो, वजन कमी होईल.”

“मी उतरत नाई,” बाबा म्हणाले.

मी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना पैनगंगेचा पूल आठवला होता. साहेबांना कशाचाच पत्ता नव्हता.

“अहो, पाचच मिनिटं...”

“एकदा ढकलली मी गाडी. आज बसलो हाये. ही माह्या लेकाची गाडी हाये, इंजिनीयरसाब. ज्या सीटवर मी बसलो, ते त्यानं माह्या मांडीचं माप घेऊन काढलं. तुमी पाहत होते, हसतबी होते.”

साहेब हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांना तो दिवस आठवला असावा. “काय रे?” त्यांनी दादाला विचारलं. “काय म्हणतात हे?”

मी मनात म्हटलं, आता जर हा ‘नाई, काका’ म्हणाला तर मी याचं तोंड पुन्हा पाहणार नाही.

“खरं हाये, काका,” दादा म्हणाला. “मागचं सीट माहं हाये.”

“पण गाडी तर इटलीची...”

“वरचं रूप त्याईचं. सीट माहं.” एवढं बोलून तो एकदम मोकळा झाल्यासारखा दिसला, आणि मागं वळून त्यानं बाबांकडे पाहिलं.

बाबांनी नुसती मान डोलावली. मग पंचनाम्याला उभ्या असलेल्या माणसांशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “लेका, तू बस स्टेरिंगवर. इंजिनीयरसाब, तुमी मागून लावा हात. पोरी, तूबी उतर.” साहेबांनी सगळी हयात सरकारी नोकरीत काढलेली. तो आवाज कानावर पडला आणि ते दार उघडून चिखलात उतरलेसुद्धा. आपण का उतरलो, हे त्यांना उतरल्यावर कळलं असेल.

आम्ही चौघं मागं लागलो. दोन सालगडी, मी आणि इंजिनीयरसाहेब. ते घसरले, दोन्ही तळवे चिखलात गेले, उठले आणि तेच तळवे त्यांनी पांढऱ्या डिकीवर टेकून जोर लावला. मागच्या काचेतून मला बाबांची पाठ दिसत होती. ताठ. ते एकदाही वळले नाहीत. माझ्या पदराला, केसांना, तोंडाला चिखल लागला होता आणि मला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळेना. मी ओरडत होते, “हां! अजून! अजून!” गाडी निघाली तेव्हा साहेब पुन्हा एकदा पडले.

परत येताना दादानंच गाडी चालवली, कारण साहेबांचे हात आणि बूट चिखलानं भरले होते. ते मागं बाबांशेजारी बसले, खाली पेपर अंथरून. मी पुढं. मग साहेब जरा सरकले. पुन्हा सरकले.

“सीट जरा कडकच आहे, नाही?” ते म्हणाले. “पाठीला पण म्हणावी तशी... हं. आणि ही शिलाई पाहा, टोचते.”

“शिलाई इटलीची हाये, काका,” दादा समोर पाहतच म्हणाला.

“शिलाई उत्तम आहे,” साहेब घाईनं म्हणाले. “शिलाईबद्दल प्रश्नच नाही.” बाबा खिडकीबाहेर कापूस पाहत होते. त्यांचं पोट हलत होतं, म्हणजे ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत. समोर साहेब पाण्याचा पाइप आणि फडकं घेऊन गाडीमागं उभे. डिकीवर काळी माती वाळून पक्की झाली होती आणि तिच्यात त्यांचे दोन्ही तळवे उमटलेले होते. उजव्या हाताच्या अंगठीची खूणही दिसत होती. बाबा ओट्यावरून उठले, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून गेले. मी दाराशीच थांबले.

“धुवून राह्यले?” त्यांनी विचारलं.

“मग काय करू? पाहा ना काय हाल झाले गाडीचे.”

“आमच्या देशमुखानंबी धुतली होती,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. पहिल्यांदा मी ती त्यांना न हसता सांगताना ऐकली. मोटार, वेस, वस्तीतली माणसं, गुळगुळीत डिकी, बादल्या, गोमूत्र. आपण तेव्हा केवढे होतो, तेही हातानं दाखवलं. साहेब ऐकत होते. पाइपातलं पाणी त्यांच्या पायावरून गटारात जात होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

“आमच्या हातानं बाटली होती ती,” बाबा म्हणाले. “पन हे तं तुमचे हात हायेत नं, इंजिनीयरसाब? तुमच्या हातानं बाटली का गाडी?”

साहेबांनी डिकीवरच्या तळव्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मग जाऊन नळ बंद केला. बाबा परत येऊन ओट्यावर मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, “जा, तुही बस चुकंन.”

ती गाडी पुष्कळ दिवस तशीच उभी होती. बाकी सगळी पुसली गेली, मागची बाजू नाही. काकू चिडायच्या. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, हे हात कोणाचे म्हणून, आणि साहेब सांगायचे, “माझे.” गाडी कुठली म्हणून विचारलं की सवयीनं म्हणायचे, “इटलीची.” मग आमच्या ओट्याकडे बघायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, “मागचं सीट सोडून.”